पुन्हा स्वागत, रोवेल

— नाही म्हटलंय का मी? सही करणार नाही असं म्हटलंय का? बस म्हटलं फक्त. कागद ठेव तिथं, त्या बिस्कोचो बिस्किटांच्या डब्याखाली ठेव, पंख्यानं उडतोय. आणि तोंड असं पाडू नकोस जोव्हिन, तीन आठवडे थांबलास, आणखी अर्धा तास थांब. काय लिहिलंयस? वाचते. ॲपमध्ये शिरताना माणसाची ओळख कशी पटवायची — पर्याय एक, पासवर्ड. पर्याय दोन, आत्ता आहे तसाच, मोबाइलवर येणारा कोड. पर्याय तीन, चेहरा. आणि तिसऱ्यापुढं तूच आधी पेन्सिलीनं खूण करून आणलीस, म्हणजे तुझ्या या मानांग नेलियानं फक्त गिरवायचं. हुशार आहेस. नाही, रागावले नाही. मीही अशीच होते — तुझ्याएवढी असताना नाही, तुझ्याएवढी असताना मी इलोइलोच्या बंदरावर तिकिटं फाडत होते — पण खलाशांसाठी नि त्यांच्या घरच्यांसाठी हे ॲप केलं तेव्हा अशीच होते. उत्तर आधी ठरवायचं आणि मग तीन पर्याय लिहायचे. सगळे असंच करतात.

पासवर्ड नको, ते ठीक. ते मीही अकरा वर्षांपूर्वी खोडलं होतं. खलाशाला पासवर्ड दिला की तो काय करतो? लेकीचं नाव नि तिचं जन्मसाल लिहितो. आणि विसरू नये म्हणून तोच बंकच्या लाकडावर पेनानं कोरतो, मग सगळ्या जहाजाला पाठ. एका बोसननं, म्हणजे मुकादमानंच, तर अख्ख्या डेकवरच्या पोरांच्या बायकांचे निरोप वाचले होते. बोटाचा ठसा? तेही करून बघितलं. इंजिनखोलीतल्या ऑइलरचा हात बघितलायस कधी? वीस वर्षं डिझेल नि गरम पाइप, बोटांवर रेघ म्हणून शिल्लक राहत नाही. गुळगुळीत. यंत्र म्हणायचं, बोट ठेवा. तो म्हणायचा, ठेवलंय की बाई. आणि विसरलेल्याला विचारायचे प्रश्न — अरे, ते तर तूच सुचवलेलंस मागे, आईचं माहेरचं आडनाव विचारू म्हणून. कुठल्या तरी अमेरिकन पुस्तकातून उचललंस ना? तुझं मधलं नाव काय? आईचं माहेरचं आडनावच की. माझंही तेच, सगळ्या फिलिपिन्सचं तेच. तुझ्या गळ्यात लटकलंय ओळखपत्र, त्यावर छापलंय, आणि तेच गुपित म्हणून विचारणार. त्या दिवशी किती हसले मी तुला. हसायला नको होतं. मी तुझ्याहून मोठा घोळ घातलाय, फक्त त्याला कुणी हसलं नाही.

तुझा फोन थरथरतोय बघ खिशात. नाही बघायचं? बरं.

तर तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी, मी उभी राहिले, त्या खोलीत, जिथं आता तुमची खाण्याची टेबलं आहेत तिथं, आणि आपल्या खलाशी-भरती एजन्सीच्या कॅप्टनसाहेबांना म्हणाले — सर, नंबर म्हणजेच माणूस. असंच म्हणाले, शब्द नि शब्द. कारण बघ, खलाशी जहाज बदलतो, बंदर बदलतो, फोन तर वर्षाला एक समुद्रात पडतोच. पण नंबर बदलत नाही. नंबर बायकोला पाठ असतो, आईनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला असतो, शाळेच्या फॉर्मवर असतो, पाद्रीबाबाकडं असतो. मग पासवर्ड कशाला नि ठसा कशाला? नंबर टाका, कोड येईल, कोड टाका, आत या. आणि आत आलं की पडद्यावर घरच्यासारखं काही तरी दिसावं म्हणून ते वाक्य मी स्वतः लिहिलं — पुन्हा स्वागत, अमुक. कॅप्टनसाहेबांनी टेबलावर थाप मारली. पंधरा मिनिटांत मीटिंग संपली, आम्ही खाली जाऊन बाचॉय खाल्लं, मी दोन वाट्या खाल्ल्या. इतकी खूश होते. आणि चाललं की रे. नऊ वर्षं बिनतक्रार चाललं. तिग्बावानपासून मियागावपर्यंत सगळ्या किनाऱ्यावरच्या आया हेच ॲप उघडून बसायच्या — पोराला निरोप लिहिला की एक खूण, त्याच्या फोनवर पोचला की दुसरी खूण, आणि तो आत असला की नावाशेजारी हिरवा ठिपका. साधं होतं. मला अजून अभिमान आहे त्याचा. काय करू, आहे.

मग माणूस हरवला तर? हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारला नाही. मीही नाही. मेला तर घरचे कागदावर सही करतील आणि ऑफिस खातं बंद करेल, एवढं होतं. पण हरवला नि घरच्यांनी सही केलीच नाही तर — असा रकानाच मी ठेवला नव्हता. आपल्याकडं, या गावात, जिथं दर तिसऱ्या घरातला कुणी ना कुणी समुद्रावर असतो. हे मला सुचू नये?

ते निकेलच्या मातीचं जहाज आठवतं? तू तेव्हा कॉलेजात असशील. ओली माती भरून निघालं होतं. ओली माती लाटांनी घुसळली की तिचं पाणी होतं, सगळं एका अंगाला जातं आणि जहाज आडवं. एकोणीस माणसं होती, चार सापडली. न सापडलेल्यांत एक ऑइलर होता आपला, तिग्बावानचा, रोवेल. सव्वीस वर्षांचा. आई विधवा, एकटीच, आई म्हणून नाय कोन्सिंग म्हणतात तिला सगळे, मीही नायच म्हणते. चौदा घरांनी कागदावर सह्या केल्या, नऊ दिवसांच्या प्रार्थना केल्या, चाळिसावा दिवस केला. हिनं काही केलं नाही. म्हणाली, शव दाखवा मग करते. पाद्री जाऊन आले, एजन्सीचे लोक जाऊन आले, मीही एकदा गेले होते. मला नारळपाणी दिलं आणि म्हणाली, तुम्ही ते ॲप चालू ठेवा बाई, बाकी मी बघते.

आणि लाडानं तोतो, तोतो म्हणत पोराला लिहीत राहिली. रोज. तोतो, आज छपराचा पत्रा बदलला. तोतो, तुझ्या कुत्रीला चार पिल्लं झाली, एक पांढरं ठेवलंय. तोतो, शेजारच्या बाईनं परत कुंपण आत सरकवलंय, तू आलास की बोल तिच्याशी. प्रत्येक निरोपापुढं एकच खूण. मला इथून दिसायचं रे — वाचायचे नाही मी, तेव्हा नाही वाचायचे — पण रोज एक निरोप चढतोय नि कुठंही पोचत नाहीये, हे दिसायचं. आणि नंबर मरू नये म्हणून दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच्या नंबरावर रिचार्ज टाकायची. कुणी तरी सांगितलं होतं तिला, रिचार्ज टाकत राहिलं की नंबर जिवंत राहतो. मग त्या साली सरकारनं फर्मान काढलं, प्रत्येक सिम मालकानं आपल्या नावावर नोंदवायचं, ओळखपत्रासकट, फोटोसकट, नाहीतर बंद. ही गेली. त्याचे सगळे कागद पिशवीत भरून गेली. ते म्हणाले, मालकाला स्वतः यावं लागेल. ही म्हणाली, येईल, जरा मुदत द्या.

मुदत कोण देतं? नंबर बंद झाला. काही महिने पडून राहिला आणि मग नव्या पाकिटात घालून दुसऱ्या कुणाला तरी विकला. नंबर असेच फिरतात, हे मला माहीत होतं. नंबर म्हणजे माणूस म्हणताना सुद्धा माहीत होतं. पण आपल्याकडं कोण नंबर सोडतो, असं वाटलं.

मग दोन वर्षांपूर्वी, मंगळवार होता, मी आले तर खाली बाकावर नाय कोन्सिंग. हातात केळीच्या पानात गुंडाळलेले इबोस, अख्ख्या ऑफिसला पुरतील एवढे. चिकट भात पहाटे उठून शिजवला असणार. मला बघितलं नि उठली, आणि हसली. मी तिला तोवर हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, बाई, माझा पोरगा आलाय. फोन दाखवला. हिरवा ठिपका नव्हता तेव्हा, पण खुणा होत्या — नऊशे किती तरी निरोप आणि एकूण एक निरोपाला दुसरी खूण. सगळे पोचलेले. एका दमात. काल संध्याकाळी, म्हणाली. मी भाजी चिरत होते. टिक टिक टिक टिक वाजायला लागलं, मला वाटलं फोन बिघडला.

तू काय केलं असतंस? नोंदी उघडल्या असत्यास. मीही तेच केलं. दहा मिनिटं लागली. बाकोलोदहून कुणी तरी त्या नंबरावर कोड मागवला होता. लिझेल नावाची पोरगी, पार्लरात काम करते, होणारा नवरा आपल्या एजन्सीकडून जहाजावर लागणार म्हणून तिनं ॲप घेतलं. आपला नंबर टाकला, कोड आला, कोड टाकला. आणि ॲप तिला म्हणालं, पुन्हा स्वागत, रोवेल. माझं वाक्य. आणि एका परक्या आईचे नऊशे निरोप तिच्यापुढं धाडकन उघडले. घाबरली बिचारी. बंद करून ठेवला फोन.

आणि खाली बाई बसलीय. मला खाली जाऊन सांगायचं होतं — नाय, तो रोवेल नाही, माझी चूक आहे. दोन वाक्यं. जमली नाहीत. मला लाज वाटली असं नाही म्हणणार मी, लाज बरी असते. मला भीती वाटली. ही बाहेर जाऊन बोलेल, वर्तमानपत्रात येईल, कॅप्टनसाहेब विचारतील नंबर म्हणजे माणूस हे कुणाचं डोकं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला दुसरी नोकरी कोण देतं रे? मी खाली गेले आणि म्हणाले, नाय, तपास करते, सोमवारी सांगते. इबोस खाल्ले. तिच्यासमोर बसून दोन खाल्ले. तिनं साखर आणली होती वेगळ्या पुडीत.

शनिवारी बोटीनं बाकोलोदला गेले, लिझेलला भेटले, तिला नवीन नंबर घेऊन दिला नि ते सिम मागून घेतलं. तिनं दोन्ही हातांनी दिलं, जणू भाजत होतं. ठरवलं होतं, खातं कायमचं बंद करायचं आणि सोमवारी नायला सांगायचं की यंत्रातला बिघाड होता. खोटंच, पण त्यातल्या त्यात बरं खोटं. परतीच्या बोटीत जुन्या फोनमध्ये ते सिम घातलं. खातं बंद करायचं तर आधी आत शिरावं लागतं ना? माझाच नियम. कोड आला. टाकला. पुन्हा स्वागत, रोवेल. आणि मी बंद करायचं बटण शोधतेय तोच खाली निरोप आला — तोतो, तुझा ठिपका दिसतोय. जेवलास का?

बस, एवढंच. तू कुठं होतास नाही, का गेलास नाही. जेवलास का. मी — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला का सांगतेय माहीत नाही, तू गप्प बसतोस म्हणून असेल — मी लिहिलं, हो नाय, जेवलो.

नको बघूस असा. मला कळतं मी काय केलं. एकदाच लिहायचं होतं. बोट धक्क्याला लागेपर्यंत तिचे अकरा निरोप आले होते. सोमवारी ती तपासाचं विचारायला आलीच नाही. कशाला येईल?

दोन वर्षं झाली. तो फोन या खणात असतो. किल्ली ही, माझ्या गळ्यात, क्रुसाबरोबर. रविवारी, ऑफिस रिकामं असताना, लिहायचं फक्त, असं ठरवलंय, कारण रोज लिहिलं तर चुकेन. त्याचे जुने निरोप सगळे वाचून काढले, जिवंतपणीचे. पूर्णविराम देत नाही. वाक्याशेवटी हेहे लिहितो. नाय या शब्दात एक अक्षर जास्त ताणतो. मी आता त्याच्यासारखं इतकं सहज लिहिते की माझ्या बहिणीला पाठवलेल्या निरोपातही परवा हेहे गेलं. बहीण म्हणाली, बरी आहेस ना? काय सांगितलंय नायला? की एका परदेशी मासेमारी बोटीवर आहे, कागदपत्रं नाहीत, पकडतील, कुणाला सांगू नकोस, येईन. आणि तिनं सांगितलं नाही. अख्ख्या गावात कुणाला नाही. नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, सगळं गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावतं, बाकीच्या चौदा घरांनी समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर आपापल्या पोरांची नावं लिहून दिवे लावले, ही नवऱ्याच्या थडग्याशी एक मेणबत्ती लावून घरी. बायका म्हणतात, दगड आहे म्हातारी, पोटच्या पोरासाठी एक वात जाळत नाही. मी तिथंच उभी होते, ऐकत होते. तिच्या वाट्याचं रडणं मी या खणात कुलूप लावून ठेवलंय. कळतंय का तुला? तिला रडताही येत नाहीये माझ्यामुळं.

थांब, अजून आहे. तू म्हणशील मानांगचं डोकं फिरलं. गेल्या मे महिन्यात, रविवारी दुपारी, रस्त्यावरचं डांबर वितळत होतं असा उन्हाळा. जेवून इथं या खुर्चीत डोळा लागला. उठले तर खणात टिक झालं. उघडला. नायचा निरोप — कसली रे थंडी, अंगावर काही तरी घे, ओले कपडे बदल आधी. मला कळेना. वर सरकवून बघितलं. माझ्या बाजूनं — त्याच्या बाजूनं — निरोप गेला होता, दहा मिनिटांपूर्वी. नाय, इथं फार थंडी आहे. पूर्णविराम नाही. हेहेसुद्धा नाही.

मी नोंदी बघितल्या. बघणारच. याच फोनवरून, याच इमारतीतून गेलेला. म्हणजे मीच लिहिला असणार, नाही का? झोपेत. किल्ली माझ्याच गळ्यात होती, दुसरं कोण लिहिणार? मीच. स्वतःला रोज सांगते. पण मग असं का लिहीन मी? त्याचे चार वर्षांचे निरोप चाळले, थंडी हा शब्द त्यानं कधी लिहिला नाही. मी लिहिला नाही. या गावात कुणी लिहितं का थंडी? त्या दिवसापासून दुपारी डोळा लागू देत नाही. आणि दर रविवारी फोन उघडला, कोड टाकला, की ते वाक्य यायचं — पुन्हा स्वागत — आणि मला खात्रीनं सांगता येत नव्हतं की ते माझं स्वागत करतंय. मी बदलून बघितलं ते वाक्य, तुला आठवत असेल, मार्चमध्ये मी उगाचच ते काढून टाकायला लावलं होतं. तूच काढलंस. नुसतं नाव राहिलं. नुसतं नाव जास्त वाईट.

म्हणून अडवला तुझा कागद. सुरक्षेसाठी नाही. तुला मेलमध्ये लिहिली ती कारणं खरीच आहेत हां — नऊ महिने समुद्रावर राहून आलेल्याचा चेहरा उन्हानं इतका रापतो की यंत्र ओळखत नाही, दाढी वाढते, एकाचा जबडा दोरखंडानं मोडला होता — खरी आहेत सगळी, पण माझी नाहीत. माझं कारण एवढंच की चेहरा आला की रोवेल आत शिरू शकत नाही. कोड मला येतो. चेहरा मी कुठून आणू?

आणि आज सही करायला का तयार झाले, तेही ऐक. धाडस आलं म्हणून नाही. मी म्हटलं, बरंच झालं. पहिल्या तारखेपासून चेहरा नसेल तो बाहेर. खातं आपोआप बंद. मला तोंड उघडायला नको, यंत्रच सांगेल तिला. माणसाची ओळख पटवायची पद्धत निवडायची आणि माणसासमोर उभं राहायचं टाळायचं — दोन्ही वेळा मी तेच केलंय बघ. कोड निवडला तेव्हाही आणि आता हा चेहराही. आण पेन.

पण मग काल, काल रविवार ना, मी उघडला फोन. तू त्या चाचणीची सूचना पाठवलीस ना, निवडक घरांना — यापुढं ॲपमध्ये चेहरा दाखवून प्रवेश, नोंदणीसाठी मोलोच्या ऑफिसात, म्हणजे इथंच, या. तिलाही गेली होती. कुणी यादी केली रे? नाही, तुझी चूक नाही, यादीत नाव असणारच. तिनं लिहिलंय — थांब, पाठ आहे मला — तोतो, आता सगळ्यांना चेहरा दाखवावाच लागणार म्हणे. मग तुलाही दाखवावा लागेल. बरं झालं. मी केस काळे करून घेते, तू दिलेला निळा झगा घालते, म्हातारी दिसायला नको तुला. तिला वाटलं, चेहरा दाखवायचा म्हणजे एकमेकांना. चार-पाच वर्षांनी बघायचंय तिला त्याला. मी काही उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच दिलं नाही. पहिली तारीख यायला अजून नऊ दिवस आहेत, तोवर —

घे बाबा तो फोन, किती वेळ थरथरतोय. घे. खालच्या मुलींचा असेल, चाचणीचं काही अडलं असेल.

काय? काय झालं? वाच ना मोठ्यानं. तोंड का असं झालं तुझं?

नाय कोन्सिंग? खाली? कधीपासून? सकाळी आठपासून? निळाच का? नीट विचार त्या मुलीला, निळाच म्हणते का ती. हो — केस काळे, माहितीय मला, मीच तर सांगितलं तुला आत्ता. स्वतःचा चेहरा नोंदवून झाला मग? मग अजून का बसलीय? कुणाचा नोंदवायचाय अजून? फोटो — कुठला फोटो? त्याच्या खलाशीपुस्तिकेतला. आणि मुली काय करतायत? नाही घेत, बरोबर, फोटो नाही घेणार ते यंत्र, तूच तसं बनवलंयस. जिवंत माणूस आहे का बघायला डोळे मिचकावा म्हणतं ना. आणि ती? लिहिलंय काय त्यात, सांग मला. ती फोटोला सांगतेय? तीन तास? मिचकाव रे तोतो, म्हणून?

तू भेटलायस का तिला? खाली गेला नाहीस सकाळपासून, मागच्या जिन्यानं सरळ इथं आलास? ठीक. बरं झालं. नाही, वर नको बोलावू, तिला जिना चढवत नाही. मीच जाते. तो कागद राहू दे, सहीचं नंतर. सरक, खण उघडू दे. फोन नेते. नाही, पाणी नको मला.

तू कुठं निघालास? इथंच थांब. हात नको धरू माझा, जमेल मला उतरायला. अरे, तू येऊ नकोस म्हणतेय. तिला लांबचं धड दिसत नाही आता, आणि तू सव्वीसचा, असाच उंच, असाच काटकुळा. माझ्यामागून तू जिना उतरताना दिसलास तर तिला वाटेल, मी त्याला घेऊन आले.